तुम्ही विचारलंत म्हणून: नायक जुना, गोष्ट परकी

मी पटकथा लिहिते आणि इतरांच्या वाचून मतही देते, हे कळलं की ॲक्शनपटांचे चाहते 'डाय हार्ड' या हॉलिवूडच्या चित्रपटमालिकेबद्दल हमखास एक प्रश्न काढतात. "'डाय हार्ड'चा तिसरा भाग मुळात 'डाय हार्ड'साठी लिहिलेलाच नव्हता म्हणे? मग ही आपली फसवणूकच की!" दुधातलं पाणी पकडल्याचा आनंद आणि दुःख, दोन्ही त्या आवाजात असतं.

ऐकलंत ते खरं आहे. जोनाथन हेन्सलीची 'सायमन सेज' ही स्वतंत्र पटकथा होती. शहरात बॉम्ब पेरून ठेवलेला एक माणूस फोनवरून कोडी घालतो आणि पोलीस त्याच्या तालावर धावत सुटतो. मध्यंतरी 'लीथल वेपन' या दुसऱ्या ॲक्शनमालिकेचा पुढचा भाग म्हणूनही तिचा विचार झाला. शेवटी १९९५ मध्ये ती जॉन मॅक्लेनच्या, म्हणजे 'डाय हार्ड'च्या पोलीस नायकाच्या, अंगावर चढली. खलनायकाला पहिल्या भागातल्या खलनायकाचा, हान्स ग्रूबरचा, भाऊ केलं की नातं जुळलं. पाच आणि तीन गॅलनच्या कॅनमधून बरोबर चार गॅलन पाणी मोजायचं कोडं आठवतंय ना? ते सोडवायला मॅक्लेनच हवा असं काही नाही, कुणीही घामाघूम झालेला माणूस चालला असता.

पण रागवायचंच असेल तर नुसतं तिसऱ्यावर का? १९८८ चा पहिला भाग रॉडरिक थॉर्पच्या १९७९ च्या कादंबरीवरून आला. ती कादंबरीच आधीच्या एका कादंबरीचा पुढचा भाग होती आणि त्या आधीच्या कादंबरीवर १९६८ मध्ये फ्रँक सिनात्राला घेऊन चित्रपट झालेला होता. त्यामुळे करारानुसार ही भूमिका आधी सत्तरी ओलांडलेल्या सिनात्राला विचारावी लागली. तो नको म्हणाला, म्हणून ब्रूस विलिस आपल्याला मिळाला. १९९० चा दुसरा भाग वॉल्टर वेजरच्या '५८ मिनिट्स' या कादंबरीवर बेतलेला, तिचा थॉर्पशी काडीचा संबंध नाही. गंमत बघा, दोन्ही कादंबऱ्यांमध्ये नायकाची मुलगी संकटात असते आणि दोन्ही चित्रपटांमध्ये तिच्या जागी बायको आली. (संकटातली मुलगी चौथ्या भागात उगवली. काहीच वाया जाऊ देत नाहीत.) चौथ्याची कुळकथा तर आणखी लांबची. जॉन कार्लिनचा १९९७ चा एक मासिकलेख, त्यावरून डेव्हिड मार्कोनीनं लिहिलेली संगणकयुद्धाची पटकथा, २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर ती बासनात, आणि २००७ मध्ये तीच मॅक्लेनच्या नावानं पडद्यावर.

म्हणजे पहिल्या चारांपैकी एकाचंही मूळ मॅक्लेनसाठी रचलेलं नव्हतं.

असं का करतात? पैशाचं कारण उघड आहे. अनोळखी नायकाची गोष्ट विकायला घाम गाळावा लागतो, ओळखीचं नाव स्वतःच तिकिटं विकतं. पण मला लिहिणाऱ्याच्या बाजूचं कारण जास्त खरं वाटतं. ॲक्शनपटात अवघड असतो तो खलनायकाचा बेत. कोण, कशासाठी, किती वेळात, कुठली वाट बंद करून. हे घड्याळ जुळवण्यात वर्षं जातात, आणि सिक्वेलची तारीख आधीच ठरलेली असते. अशा वेळी कुणीतरी स्वतःच्या हौसेनं, कुणी सांगितलेलं नसताना जुळवलेलं घड्याळ कपाटात टिकटिकत असेल, तर निर्माता तेच उचलणार.

हे काम मी एकदा स्वतः केलंय, म्हणून त्यातली मेखही ठाऊक आहे. माझ्या एका न विकल्या गेलेल्या पटकथेचा नायक लिफ्ट दुरुस्त करणारा होता. इमारतीत अडकतो आणि लिफ्टचा बोगदा, तिथली कुलपं, तारा माहीत असल्यामुळे वाचतो. एका निर्मात्याला आपल्या गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग हवा होता. नायक पोलीस अधिकारी, हात चालवण्यात पटाईत. "नाव बदला, झालं," असं मला सांगण्यात आलं. नाव बदलायला संगणकावर दोन मिनिटं लागली. मग एकतिसाव्या पानावर गाडी अडली. साहेब अंधारात लिफ्टचं दार बाहेरून उघडतात. पण कसं? त्यांना हे येतं कुठून? मी वाक्य घातलं, "माझे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे." वाचनाला सगळे मोठ्यानं हसले, आणि तो प्रसंग विनोदी नव्हता. पुढे घाबरण्याची तीन पानं होती, तीही गेली, कारण साहेब घाबरत नाहीत. उरलं ते निव्वळ दार उघडणं. चित्रपट झाला नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

त्यानंतर मॅक्लेनकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. तो कुठलीही परकी गोष्ट पचवतो, कारण त्याच्याकडे कसलंच खास ज्ञान नाही. चुकीच्या वेळी चुकीच्या जागी सापडलेला, डोकं दुखत असलेला माणूस. ज्या बेतात तो अडकतो तो त्याच्यासाठी रचलेला नाही, हेच त्याचं दुखणं आणि हीच त्याची गंमत. पटकथा दुसऱ्यासाठी लिहिलेली असली की हे उपरेपण फुकटात मिळतं. चौथ्या भागात तर तो चक्क एका संगणकवाल्या पोराची ने-आण करणारा काका झालाय, आणि ते शोभतं. पाचवा भाग, २०१३ चा, खास त्याच्यासाठी लिहिला गेला. त्यात तो आपणहून रशियात संकट शोधत जातो, मुलगा गुप्तहेर निघतो, खिडक्यांतून उड्या मारूनही कुणाला फारसं काही होत नाही. मालिकेतला तो सगळ्यांत फिका भाग, असं म्हणणारी मी एकटी नाही.

न वापरलेल्या पटकथा आणखी एका प्रकारे काम करतात, कुंपणासारख्या. 'लीथल वेपन'च्या दुसऱ्या भागासाठी शेन ब्लॅकनं लिहिलेल्या खर्ड्यात नायक रिग्ज मरत होता. स्टुडिओला ते फार काळोखं वाटलं, ब्लॅक बाहेर पडला, आणि १९८९ मध्ये हलकाफुलका भाग आला. रिग्ज त्यानंतर आणखी दोन चित्रपट जगला. त्या नाकारलेल्या पानांनी एवढं ठरवून टाकलं की ही मालिका कुठवर जाणार नाही. 'डाय हार्ड ३'साठीही आधी जहाजावरची एक पटकथा विचारात होती. १९९२ मध्ये युद्धनौकेवरचा 'अंडर सीज' आला आणि ते जहाज बंदरातच राहिलं.

उलटा प्रवासही होतो. 'टोटल रिकॉल'चा पुढचा भाग म्हणून रॉन शूसेट आणि गॅरी गोल्डमन यांनी फिलिप के. डिकची 'मायनॉरिटी रिपोर्ट' ही कथा हाती घेतली होती. निर्मितीसंस्था कॅरोल्को बुडाली, जुना नायक गळाला, पुढे पटकथाही नव्यानं लिहिली गेली, आणि २००२ मध्ये स्पीलबर्गचा स्वतंत्र चित्रपट उभा राहिला. तिथे फसवणूक झाली असं कुणी म्हणत नाही.

माझी पटकथा अजून माझ्याकडेच आहे. वडिलांचं वाक्य काढलं, घाबरण्याची तीन पानं परत घातली आणि लिफ्टवाल्याला त्याचं नाव देऊन टाकलं. कुणाला हवी असेल तर वाचायला देईन. फक्त तुमच्या नायकाला घाबरता येतं का, ते आधी सांगा.