हाड ताकदीनं बसत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

"बाईमाणूस असून हाडांच्या डॉक्टर कशा काय झालात? ताकद लागत नाही का?" गेली पंचवीस वर्षं हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. ओपीडीत पेशंटचे नातेवाईक विचारतात, कॉलेजच्या कार्यक्रमाला गेलं की मुली विचारतात, लग्नाच्या पंगतीत नात्यातली एखादी काकू विचारते. एरवी मी "मग घरात खलबत्ता कोण चालवतं?" असं म्हणून सुटते. गेल्या महिन्यात मात्र एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीनं मला गाठलं. तिला ऑर्थो घ्यायचंय, घरचे नको म्हणतायत. तिला खलबत्त्यावर वाटेला लावणं बरं दिसलं नसतं.

आधी ताकदीचं. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका भरतो. ९० किलोच्या गड्याचा पाय म्हणजे १५ किलोची गोणी. आमच्या सोलापूरकडे ऊसतोडीच्या हंगामात गाड्या-ट्रॅक्टरखाली सापडलेले असे पाय येतात, आणि ते तासभर ताणून धरणं कुठल्याच बाप्याला झेपत नाही. म्हणून तर ट्रॅक्शन टेबल असतं. ऑर्थोच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षी मी एक निखळलेला खांदा बसवायला जीव खाऊन ओढत होते. सर मागून म्हणाले, "अगं, रस्सीखेच आहे का ही? स्नायू ढिला पडू दे, हाड आपल्या पायानं घरी जातं." त्यांनी पेशंटला पालथं झोपवलं, हात टेबलाच्या कडेवरून खाली सोडला, मनगटाला वजन बांधलं आणि तिथंच चहा मागवला. चहा संपायच्या आत खांदा बसला. उलट, जोर लावणाऱ्याच्या हातून दंडाचं हाड मोडलेलंही मी पाहिलंय. तो सहा फुटी होता.

म्हणजे ताकदीचा मुद्दा तिथंच मिटला. पण पुढची तीन वर्षं मला जे नडलं त्याबद्दल मला कुणीच कधी विचारलं नाही. ते होतं माप.

मी पाच फूट एक इंच. ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं टेबल सरांच्या कमरेला लावलेलं, म्हणजे माझ्या छातीशी. हात वर धरून स्क्रू फिरवायचा म्हणजे तासाभरात खांदे भरून यायचे. शेवटी सुताराकडून एक रुंद लाकडी पायरी करून घेतली. वॉर्डबॉय तिला "मॅडमचा पाट" म्हणायचे. ग्लोव्ह्ज मला सहा नंबरचे लागतात, स्टोअरमध्ये सात आणि साडेसात. सैल ग्लोव्हचं टोक फिरत्या ड्रिलजवळ गेलं की काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

आणि शिशाचा एप्रन. आमच्याकडे हाड जागेवर आलं का हे सी-आर्मवर, म्हणजे चालू क्ष-किरणांत बघावं लागतं, म्हणून हा पाच-सहा किलोचा एप्रन घालायचा. विभागात दोनच मापं होती, मोठं आणि त्याहून मोठं. बिनबाह्यांचा एप्रन, काखेशी ऐसपैस उघडा. नेमका तिथून स्तनाचा वरचा बाहेरचा भाग उघडा पडतो. अमेरिकेत स्त्री अस्थिरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वसाधारण बायकांपेक्षा जास्त निघालं. हे मी वाचलं तोवर त्या उघड्या काखेनं माझी बरीच वर्षं गेली होती. मग पहिली गोष्ट केली ती स्वतःच्या पैशानं स्वतःच्या मापाचा एप्रन घेतला. तुम्ही म्हणाल, एवढं साधं होतं तर आधी का नाही घेतलात? कारण आधी वाटायचं, मागणी केली की "बघा, म्हणूनच बायका नकोत" असं होईल.

त्याच भीतीनं मी दुसऱ्या वर्षी दिवस गेल्याचं पाचव्या महिन्यापर्यंत लपवलं. विभागात एक ठरलेलं वाक्य होतं, "मुलगी घेतली की सीट वाया." आता अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे, बाईनं गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळापर्यंत पुढे १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्ग पोचता कामा नये. यातला महत्त्वाचा शब्द "कळवलं" हा आहे. कळवायचीच चोरी असेल तिथं नियम कपाटात राहतो. माझी मुलगी सुखरूप आहे. हे मी फुशारकीनं सांगत नाही, त्या पाच महिन्यांचा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

"बायका ऑर्थोत येत नाहीत, त्यांना आवडच नसते" असंही ऐकवलं जातं. आवड कुठून येणार? आपल्याकडे बाई डॉक्टर झाली तीच मुळी बायकांसाठी. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांचा फंड निघाला तो पडद्यातल्या स्त्रियांपर्यंत पुरुष डॉक्टर पोचत नव्हते म्हणून. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली, त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांना नेमलं ते स्त्रियांच्या कक्षावर. त्या काळात दुसरं दार नव्हतं, त्यांनी तेच ढकललं, थोरच होत्या. पण सव्वाशे वर्षांनंतरही मला "गायनॅक मिळालं नाही का गं?" असं विचारणारे भेटले तेव्हा वाटलं, त्या दाराशेजारच्या भिंतीला आपण अजून साधी खिडकीही पाडलेली नाही.

आता ज्यावर मी स्वतः गप्प बसले ते. पहिल्या दिवशी ज्युनिअरला प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारतात, "रँक किती?" बाहेरच्या माणसाला वाटेल, कौतुकानं विचारतायत. आतल्याला कळतं की आकड्यावरून राखीव जागा ओळखायची, हा जात विचारायचा सभ्य रस्ता आहे. माझ्या बॅचमधल्या एका मुलानं आकडा सांगितला, सीनिअर नुसता "अच्छा" म्हणाला, आणि पुढचे सहा महिने त्या मुलाच्या वाट्याला ड्रेसिंग आणि प्लास्टर कापणं एवढंच आलं. मला "बाई" म्हणून जे मिळत नव्हतं, त्याला "रँक" म्हणून मिळत नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून तरी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. तोही नाही. आज तो स्वतःच्या जिल्ह्यात उत्तम काम करतो, भेटला की आम्ही मुलांच्या शिक्षणाच्या गप्पा मारतो. २०१९ मध्ये मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर मुलीनं आत्महत्या केली, जातीवरून छळाचे आरोप झाले, तेव्हा त्याचा रात्री फोन आला होता. दोन मिनिटांच्या फोनमध्ये दीड मिनिट कुणीच बोललं नाही.

आणि पेशंटला याचं काय, असं विचाराल तर एक हाड सांगते. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं एकटंच मधोमध मोडलेलं दिसलं की माझे कान टवकारतात. काठीचा घाव चुकवायला आपण हात डोक्यावर आडवा धरतो तेव्हा ते हाड पुढे येतं. बाई सांगते, "न्हाणीत पाय घसरला." घसरून पडणारा बहुधा पंजा टेकतो, तेव्हा मोडतं ते मनगट. हे मला शिकवलं सरांनीच, पुस्तकातही आहे. पण नवऱ्याला बाहेर बसवून, पडदा ओढून, प्लास्टर भिजवता भिजवता "कुणी मारलं?" असं विचारलं की उत्तर येतं, आणि ते माझ्याकडे जितक्या वेळा आलं तितकं आमच्या विभागातल्या कुणाकडे आलं नाही. ते लोक काही वाईट नव्हते.

आठ मार्चला आम्हा बाई डॉक्टरांना फेटे बांधून गुलाब देतात. परिषदांमध्ये "अस्थिरोगशास्त्रातील महिला" असं एक सत्र असतं, जेवणानंतर, छोट्या हॉलमध्ये, ऐकायला आम्हीच. असो. फेटा मला शोभतो.

शेवटचं मात्र मला सोपं जात नाही. अपंगत्वाचे टक्के ठरवायला आमचीच शाखा लागते, आणि आमच्याच विभागात मी एकही अपंग डॉक्टर पाहिला नाही. डॉ. मेरी वर्गीस यांचं कमरेखालचं शरीर १९५४ च्या अपघातात गेलं आणि त्यांनी वेल्लोरला व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. मुंबईत डॉ. सुरेश अडवाणींना लहानपणी पोलिओ झालेला, वैद्यकीय प्रवेश आधी नाकारला गेलेला, आणि १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात त्यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण करून दाखवलं. हे मला सगळं पाठ होतं. तरीही २०२० मध्ये एक शेतकरी मुलीला घेऊन माझ्याकडे आला. नऊ वर्षांची असताना कडबाकुट्टीत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, जखम मीच शिवली होती. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, नीटमध्ये, तिला चांगले मार्क होते. "मॅडम, होईल का हिचं?" मी म्हटलं, "डॉक्टरकीला दोन्ही हात शाबूत लागतात, दादा. नियम आहे." एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. ज्या हातानं तिनं पेपर सोडवले, स्वयंपाक केला, गाय पिळली, तो हात मी धरूनसुद्धा बघितला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही "दोन्ही हात शाबूत" असण्याची अट मोडीत काढली. बातमी मी दोन पेशंटच्या मधे वाचली. ती मुलगी आता बार्शीला एका पतसंस्थेत आहे. नंबर आहे माझ्याकडे. लावून काय बोलायचं, हे ठरत नाही.

ऑर्थोवाल्या मुलीला मी गुरुवारी ओटीत बोलावलंय, सकाळी आठला. माझा जुना एप्रन तिला बसेल. पाट कोपऱ्यात आहेच, हल्ली एक बुटका मुलगा रेसिडेंटही तो वापरतो. सहा नंबरचे ग्लोव्ह्ज अजूनही मागितल्याशिवाय येत नाहीत, बुधवारी स्टोअरला आठवण करायला हवी.