तुम्ही विचारलंत म्हणून: श्रीमंतांवर कर लावला की झाली सोशल डेमोक्रसी?

सोशल डेमोक्रसी म्हणजे लोकशाहीच्या मार्गानं विषमता कमी करू पाहणारं राजकारण. ‘श्रीमंतांकडून कर घ्यायचा आणि गरिबांना वाटायचा, एवढंच ना?’ असं ते मानणाऱ्या आम्हाला नेहमी विचारतात. पण वाटपाची पाळी फार नंतर येते. खरी लढाई पगार ठरतो तिथं असते. स्वीडनमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

तिथं 1938 मध्ये कामगारांचा महासंघ एलओ आणि मालकांची संघटना यांनी साल्टशोबाडेन इथं करार करून वाटाघाटींचे नियम आपापसात ठरवले. त्या पायावर 1951 मध्ये एलओचे अर्थतज्ज्ञ यस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर यांनी आपली योजना मांडली: कंपनी नफ्यात असो वा तोट्यात, समान कामाला समान पगार. ‘परवडत नाही’ म्हणून कमी पगार देण्याची सोयच नाही. ज्या कारखान्याला हे झेपणार नाही तो बंद पडू द्यायचा, पण कामगाराला वाऱ्यावर सोडायचं नाही. त्याला नवं काम शिकवायचं, दुसऱ्या गावी जायला मदत करायची, तोवर भत्ता द्यायचा. सोबत सरकारनं बाजारातली एकूण मागणी आवरून धरायची. हे शेवटचं कलम लोक हमखास विसरतात. मागणी फुगली की मालक माणसं पळवायला करारापेक्षा जास्त पगार देऊ लागतात आणि सामायिक करार पोकळ होतो.

योजनेतला खरा पेच वेगळाच होता. भरभराटीच्या कंपन्यांना परवडेल त्याहून कमी पगार द्यावा लागे, म्हणून त्यांचा नफा फुगला. तो कुणाचा? नफ्याचा काही भाग शेअरच्या रूपानं कामगारांच्या निधीत जावा, असं माइडनर यांनी सुचवलं आणि 1976 मध्ये एलओनं ते स्वीकारलं. त्याविरुद्ध 4 ऑक्टोबर 1983 ला स्टॉकहोममध्ये प्रचंड मोर्चा निघाला. कायदा झाला तो पातळ होऊन, आणि 1991 मध्ये आलेल्या सरकारनं ते निधी मोडीत काढले. आमच्या मते हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

आता कराकडे. 1948 पासून तिथं बालभत्ता प्रत्येक मुलासाठी मिळतो, घरची मिळकत न पाहता. फक्त गरिबांसाठी योजना केली की मध्यमवर्ग तिच्यासाठी कर भरायला कुरकुरतो आणि ती हळूहळू आटते. पैसाही एकट्या श्रीमंतांकडून येत नाही. बहुतेक वस्तूंवर 25 टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि तो गरीबही भरतो.

किमान वेतनाचा कायदा मात्र स्वीडनमध्ये आजही नाही. पगार युनियनच्या करारातून ठरतो, त्यामुळे सगळी भिस्त सदस्यसंख्येवर. 2007 मध्ये सरकारनं युनियनशी जोडलेल्या बेकारी निधीची (काम गेल्यावर भत्ता देणाऱ्या विम्याची) वर्गणी वाढवायला लावली, तेव्हा फार मोठ्या संख्येनं कामगार युनियन सोडून गेले.