सातशे ऐंशीचा फ्लॅट आणि मोजपट्टी

गेल्या उन्हाळ्यात भाड्याने देण्यासाठी म्हणून पुण्यात एक जुना वन बीएचके पाहायला आम्ही दोघे गेलो होतो. एजंटने दारातच सांगितले, "साहेब, सातशे ऐंशीचा फ्लॅट आहे, साठ लाखांत मिळतोय." मी सोबत मोजपट्टी नेली होती. बैठकीची खोली, शयनगृह, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि मधला बोळ असे सगळे मोजून बेरीज केली, तेव्हा ती पाचशे साठ चौरस फुटांवर थांबली. एजंट खोटे बोलत नव्हता. तो सुपर बिल्टअप सांगत होता, म्हणजे भिंतींची जाडी, जिना, लिफ्ट आणि प्रवेशद्वाराजवळची मोकळी जागा यांतला वाटा धरून येणारा आकडा. मी मोजले ते चटई क्षेत्र. साठ लाखांना ७८० ने भागले तर दर सुमारे ७,७०० रुपये येतो आणि ५६० ने भागले तर १०,७०० रुपये. शेजारच्या इमारतीतला दर कुणी सांगितला, तर तो कोणत्या क्षेत्रफळावर आहे हे विचारल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नसतो.

रेरा हा घर-खरेदीच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा २०१६ चा. त्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची त्यातून वगळली जाते, पण घराच्या आतल्या भिंती मात्र धरल्या जातात. त्यामुळे मोजपट्टीचा आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा थोडा कमी भरतो. (एफएसआयलाही मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात, पण त्याचा या चटईशी संबंध नाही, भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल याचे ते प्रमाण आहे. हा घोळ मी स्वतः कित्येक महिने घालत होतो.)

दुसरा शब्द भाडे-उताऱ्याचा, ज्याला बाजारात 'रेंटल यील्ड' म्हणतात, म्हणजे घराच्या किमतीच्या किती टक्के भाडे वर्षाला मिळते ते. महिना १८,००० रुपये भाडे म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपये, आणि साठ लाखांवर ३.६ टक्के, असा हिशेब एजंटने फोनवरच करून दिला. तो ढोबळ उतारा झाला. निव्वळ उतारा काढायचा तर भागाकाराच्या दोन्ही बाजू बदलाव्या लागतात. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे (खरेदीदार फक्त स्त्री असेल तर १ टक्का सवलत मिळते, पण आम्ही दोघांच्या नावावर घेणार होतो) आणि ते व्यवहाराची किंमत व रेडी रेकनरचे, म्हणजे शासनाने ठरवलेले, मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर भरावे लागते. म्हणजे इथे किमान ४,२०,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. दलाली, हस्तांतरण शुल्क, रंगकाम आणि ओट्याची दुरुस्ती धरून खर्च ६७ लाखांपर्यंत जात होता. भाड्याच्या बाजूला वर्षातला एक महिना रिकामा धरला. त्यातून देखभाल खर्च, मिळकतकर, नव्या भाडेकरूसाठीची दलाली, किरकोळ दुरुस्त्या आणि स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क वजा केले. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे ती रक्कम छोटी होती. उरले सुमारे १,३८,००० रुपये, म्हणजे दोन टक्क्यांच्या किंचित वर. गृहकर्जाचे व्याज याच्या कितीतरी पट असते. तेव्हा असा फ्लॅट कर्ज काढून घेणारा माणूस खरे तर भाड्यासाठी घेत नाही, भाव वाढेल या भरवशावर घेतो, आणि हे त्याने स्वतःशी तरी कबूल करावे असे माझे मत आहे.

भाव वाढण्याचा प्रश्न आला की विषय जमिनीवर येतो, कारण बांधकाम जुने होत जाते आणि किंमत टिकते ती बहुतांशी खालच्या जमिनीची. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) आणि साठेखत (खरेदीचा करार) विक्रेत्याच्या नावावर व्यवस्थित होते, मालकीच्या जुन्या नोंदी तपासणारा सर्च रिपोर्टही साफ होता. मात्र मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीत, अजून मूळ जमीनमालकाचेच नाव होते. बिल्डरने सोसायटीच्या नावे जमिनीसह इमारत करून द्यायची त्याला अभिहस्तांतरण म्हणतात आणि १९६३ च्या मोफा या फ्लॅटविक्रीसंबंधीच्या कायद्याने ती जबाबदारी त्याच्यावरच टाकलेली आहे. तो टाळत असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या, अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. ते झालेले नसेल तर उद्या पुनर्विकासाची वेळ आली की वाटाघाटीच्या टेबलावर सोसायटीची बाजू लंगडी पडते.

सोसायटीच्या सचिवांना मी त्याबद्दल विचारले. ते म्हणाले, "काम चालू आहे." इमारतीचा भोगवटा दाखला, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, २००९ चा होता; म्हणजे हे काम इतकी वर्षे रखडले होते. अर्जाची पोच दाखवाल का, असे विचारल्यावर त्यांनी कपाट उघडले, दोन फाइली चाळल्या आणि पुढच्या रविवारी यायला सांगितले. विक्रेत्याला टोकन शनिवारपर्यंत हवे होते. आम्ही रविवारपर्यंत थांबायचे ठरवले आणि सोमवारी एजंटचा फोन आला, की साठ लाखांनाच फ्लॅट गेला.