जिन्यावर बसलेले बाबा

परवा टीवायच्या, म्हणजे बीएच्या तिसऱ्या वर्षाच्या, लेक्चरनंतर एका मुलीने विचारलं, सर तुम्ही अहिंसेकडे कसे वळलात, तुम्ही तर लॉजिक शिकवता. मी तिला सांगितलं की बीएला फिलॉसॉफी घेतली, मग मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये ज्ञानेश्वर भवनात एमए, मग प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, मग पीएचडी, आणि पीएचडीचा विषयच हिंसेची व्याख्या हा होता. हे सगळं खरंच आहे पण खरी सुरुवात तिथे नाहीये, ती लालबागच्या आमच्या चाळीत आहे, आणि ते तिला नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

१९८२ चा संप. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, बाबा त्यातलेच, मी आठ वर्षांचा. सात-आठ महिने झाले आणि वरच्या मजल्यावरचे एक काका गुपचूप कामावर जायला लागले, घरात आजारी माणूस होतं त्यांच्या. एका रात्री दहा-बारा जण त्यांना मारायला आले. बाबा संपाच्या बाजूचे, काकांवर चिडलेले, दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नव्हते. तरी ते उठले आणि जाऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले, बस. एक हात कठड्याला. मी दारातून बघत होतो, कठडा इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडलेली. शिव्या झाल्या, कोणीतरी कॉलर धरली, एक थोबाडीत बसली. बाबा उठले नाहीत आणि हातही उचलला नाही. मग ते लोक गेले.

खूप वर्षांनी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाले, वाटली ना, म्हणून तर बसलो, उभा असतो तर पाय लटपटलेले दिसले असते.

एमएला जैन आचार्य उमास्वातींचा तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ वाचताना 'प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा' हे सूत्र आलं तेव्हा मला तो जिना आठवला. प्रमत्त म्हणजे बेसावध, रागालोभाच्या अमलाखालचा, अशा अवस्थेत कोणाचा जीव घेणं किंवा जिवाला इजा करणं ही हिंसा. म्हणजे हात उठण्याच्या आधीच काहीतरी सुटलेलं असतं. बाबांनी तो कठडा धरलेला, तो मला वाटतं त्या लोकांपेक्षा स्वतःच्या रागासाठी जास्त धरलेला होता, कारण काकांना दोन ठेवून द्याव्यात असं त्यांनाही वाटतच असणार.

उलट बाजूने बघायचं तर १९२८ चं साबरमती आश्रमातलं वासरू. ते वेदनांनी तळमळत होतं, बरं होण्याची आशा नव्हती, तेव्हा गांधींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन त्याला मरण दिलं आणि देशभरातून त्यांच्यावर टीका झाली. मारलं, तरी अहिंसा? मुलं यावर तासभर भांडतात आणि मला ते भांडण फार आवडतं. माझं मत गांधींच्या बाजूने आहे पण वर्गात मी ते शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत सांगत नाही.

आणि बाबू गेनू. १२ डिसेंबर १९३०, काळबादेवी, परदेशी कापडाचा ट्रक, आणि त्याच्यासमोर आडवा झालेला बावीस वर्षांचा पोरगा, तोही गिरणी कामगारच. दरवर्षी कोणीतरी विचारतंच की सर ट्रक तर गेला ना शेवटी, मग मिळवलं काय त्याने? याला माझ्याकडे तयार उत्तर नाही, आणि तयार उत्तर द्यावं असं मला वाटतही नाही, आधी त्या रस्त्यावर जाऊन उभं राहावं, गर्दी किती असते, ट्रक किती जवळून जातो ते बघावं.

म्हणून या १२ डिसेंबरला टीवायच्या मुलांना तिकडे घेऊन जाणारे. बाबांनाही चला म्हटलं, गुडघे दुखतात म्हणून नको म्हणतायत, पण टॅक्सीने नेईन.