कागदोपत्री मी दोघी

बारा वर्षांनी पुन्हा विद्यार्थिनी झाले, नागपुरात, मराठी एम.ए.ला. फी भरली, वर्गात बसले, पण पोर्टलवर माझ्या नावापुढे 'प्रोव्हिजनल' ते प्रोव्हिजनलच. माझं बी.ए. अमरावतीचं. मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, दिल्याशिवाय पात्रता पक्की होत नाही, आणि पात्रतेवाचून एन्रोलमेंट नंबर अडतो.

ते आणलं, तर नवीच गंमत. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. आईचं वेगळ्या रकान्यात. आधारवर आधी मी, मग नवरा, शेवटी सासरचं आडनाव. एबीसी आयडी, म्हणजे 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मधलं, अभ्यासाचे क्रेडिट जमा व्हायचं 12 अंकी खातं, डिजिलॉकरमधून काढलं, तर तिथं आधारवरचंच नाव आलं. (मार्कांचीही बँक निघाली बाप्पा!)

"मॅडम, गॅझेट आहे काय?" खिडकीतल्या भाऊंनी विचारलं. म्हणजे नाव बदलल्याचं सरकारी राजपत्र. नव्हतं. विवाह नोंदणीचा दाखला होता. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, "चालते वाटते" म्हणाले आणि जेवायला उठले. मी सीताबर्डीला जाऊन तर्री पोहे खाल्ले. परत आले तेव्हा खिडकी बंदच.

असे चार फेरे झाले. मागच्या आठवड्यात नंबर आला, माहेरच्या आडनावानं. दुरुस्तीचा अर्ज मी केलेला नाही, बी.ए.च्या कागदांशी तेच जुळतं.

नवरा म्हणतो, "काहून, माह्या आडनावात काय वाईट हाय?"