वेळासला कासवं बघायला जाताना

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या, समुद्रकाठच्या वेळासला गेलात तर उतरा गावातल्या घरातच. इथलं कासव टिकलं, त्यात या घरांचा मोठा वाटा आहे. पूर्वी घरट्यातली अंडी काढून नेली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, २००६ मध्ये पिल्लं समुद्रात जाताना बघण्याचा कासव महोत्सव सुरू झाला, आणि पाहुण्यांच्या जेवणाखाणाचे पैसे थेट घरातल्या बाईच्या हातात पडू लागले.

महाडमार्गे मंडणगड गाठता येतं. नाहीतर हरिहरेश्वराकडून बागमांडल्याला या आणि फेरीबोटीत गाडी चढवून वेसवीला उतरा. पैसे मंडणगडलाच काढून ठेवा. झोपायला जमिनीवर गादी आणि सामायिक संडास-बाथरूम, अशी तयारी असू द्या. पांघरूण आपलं न्या. जेवायला भात, कुळथाची पिठी, सोलकढी.

मादी रात्री वाळूत साधारण दीड फूट खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते. कोल्हे-कुत्री ती उकरतात, म्हणून कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, पहाटे अंडी उचलून कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. हे काम फार हलक्या हाताने करावं लागतं, कारण अंडं गदागदा हललं की आतला जीव जातो. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. वर पालथी घातलेली टोपली उचलली की वाळूतून आधी इवलंसं काळं डोकं दिसतं, मग एक वल्ह्यासारखा पाय.

सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पिल्लं सोडतात, पण टोपलीखाली काही असेल तरच. शनिवारी येऊन रविवारी परतणारे बरेचदा हिरमुसतात आणि राग कासवमित्रांवर काढतात. हे बरं नाही. वाळू तापली तर पिल्लं लवकर येतात, गार राहिली तर उशिरा; तारीख कुणाच्या हातात नसते. मार्चमध्ये सोमवार ते बुधवार दोन मुक्काम केले तर चार संधी मिळतात, शिवाय गर्दी नसलेल्या दिवशी घरांनाही उत्पन्न होतं.

पिल्लं सोडताना बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पुढे पाऊल टाकू नका. ओल्या वाळूत उमटलेला ठसा पिल्लाला खड्डाच असतो. बॅटरी, फ्लॅश बंद. पिल्लू उजेडाकडे वळतं आणि समुद्र चुकतं. हातात घेऊन फोटो काढणं तर गुन्हाच आहे.

निघताना कोकमाचं आगळ आणि फणसपोळी ज्या घरी राहिलात तिथूनच घ्या, आणि प्लास्टिकच्या बाटल्या परत घेऊन जा.