खिळ्याचे टोक आणि केबलची जागा

विजेच्या नियमावलीतील अंतरे आणि जाड्या पहिल्यांदा वाचताना मनमानी वाटतात. माझे मत मात्र असे झाले आहे की, वायरिंगला इजा होऊ नये म्हणून दिलेला जवळजवळ प्रत्येक आकडा कोणत्या ना कोणत्या हत्याराच्या टोकापासून मोजावा, म्हणजे तो पटकन उलगडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतील ३००.४ हे कलम याचे चांगले उदाहरण आहे. लाकडी सांगाड्याच्या भिंतीतील उभ्या दांड्याला भोक पाडून केबल ओवायची असेल, तर भोकाची कड दांड्याच्या जवळच्या कडेपासून किमान सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर आत असावी, असे हे कलम सांगते. तेवढे अंतर मिळत नसेल तर त्या जागी किमान १.६ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी ठोकावी लागते.

सव्वा इंचच का, हे भिंतीवर जिप्समचा पत्रा बसवणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास कळते. अर्धा इंच जाडीच्या पत्र्यासाठी सव्वा इंचाचा स्क्रू सर्रास वापरतात. तो पत्र्यातून पार होऊन लाकडात पाऊण इंच शिरतो आणि केबल त्याच्या पलीकडे सुरक्षित राहते. पुढे कोणी तसबिरीसाठी थोडा लांब खिळा ठोकला, तरी थोडीफार जागा शिल्लक असते. नेहमीचा दांडा साडेतीन इंच रुंद असतो, त्यामुळे बरोबर मध्यावर एक इंचाचे भोक पाडले की दोन्ही बाजूंना नेमके सव्वा इंच उरतात. याचाच अर्थ असा की, ड्रिल जरासे तिरके गेले तरी नियम मोडतो. एका भोकात पुष्कळ केबली कोंबण्यासाठी मोठे भोक पाडणाऱ्याने पट्ट्यांचा खर्च आधीच धरून ठेवावा.

खिळा केबलमधून आरपार गेला आणि शॉर्टसर्किट होऊन ब्रेकर पडला, तर ते खरे म्हणजे बरेच म्हणायचे, कारण दोष तिथल्या तिथे कळतो. घातक असतो तो इन्सुलेशनला नुसता ओरखडा काढून थांबलेला खिळा. त्या वेळी दिवे लागतात, पंखा फिरतो, कोणाला काही कळत नाही. पुढे त्या जागी ठिणग्या पडू लागल्या तरी तो प्रवाह ब्रेकर पाडण्याइतका मोठा असेलच असे नाही. उष्णता मात्र साठत राहते, आणि तीही कोरड्या लाकडाला लागून. चाचणी करून हा दोष शोधण्यापेक्षा तो मुळात होऊच न देणे स्वस्त पडते.

ब्रिटनची बीएस ७६७१ ही नियमावली याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने जाते. भिंतीत ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोलीवर गाडलेली केबल एकतर अर्थिंग केलेल्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या, धातूच्या आवरणात किंवा कंड्युटमध्ये (तारा नेण्याच्या पाइपात) असावी, नाहीतर ती ठरावीक पट्ट्यांतूनच न्यावी: भिंतीच्या वरच्या कडेपासून किंवा दोन भिंतींच्या कोपऱ्यापासून १५० मिलिमीटरच्या आत, अथवा स्विच वा सॉकेटपासून सरळ उभी किंवा सरळ आडवी. शिवाय अशा सर्किटला सर्वसाधारणपणे ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीचे, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणाऱ्या उपकरणाचे, संरक्षणही लागते. या पद्धतीत भिंतीला भोक पाडणारा माणूस स्विच पाहून तार कुठे असेल याचा अंदाज बांधेल, असे गृहीत धरलेले आहे. मला ही कल्पना आवडते. पण भोक पाडणाऱ्याला त्या पट्ट्या ठाऊक नसतील तर तिचा उपयोग नाही, आणि पोलादी पट्टीला मात्र कोणाच्याही ज्ञानाची गरज लागत नाही.

उघड्यावरच्या कंड्युटचा प्रश्न अधिक वादाचा आहे. भौतिक इजेचा संभव असेल तिथे अमुक पाइप चालेल, तमुक चालणार नाही, असे अमेरिकी संहिता वारंवार म्हणते, पण असा संभव नेमका कुठे धरायचा हे ती ठरवून देत नाही. तो निर्णय तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. माझ्या मते हे योग्यच आहे, कारण छताजवळून गेलेला पाइप आणि मालवाहू गाडी मागे घेताना जिथे धडकू शकते तिथला पाइप यांना एकच मोजमाप लावता येणार नाही. अशा जागी साध्या पीव्हीसीऐवजी शेड्यूल ८० चा जाड पाइप किंवा जड पोलादी पाइप वापरतात; शेड्यूल हा पाइपाच्या भिंतीच्या जाडीचा दर्जा, आणि साधा पाइप शेड्यूल ४० चा. शेड्यूल ८० चा बाहेरचा व्यास शेड्यूल ४० इतकाच असतो, त्यामुळे वाढलेली जाडी आतली जागा खाते. एक इंची पाइपात ही जागा सुमारे एक षष्ठांशाने कमी होते. तारांचा हिशेब आधी शेड्यूल ४० वर केला असेल तर तो पुन्हा करावा लागतो.

इजा बाहेरूनच होते असेही नाही. हॅकसॉने कापलेल्या धातूच्या पाइपाच्या तोंडावर आतल्या बाजूने बारीक धारदार कडा उरते, आणि ती रीमरने साफ न करता तारा ओढल्या तर इन्सुलेशनच्या साली निघतात. तार जितकी जाड, तितकी ती वळणावर कडेला दाबून बसते; म्हणूनच ४ एडब्ल्यूजी (तारांच्या जाडीचे अमेरिकी माप), म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तारा बॉक्समध्ये शिरतात तिथे गुळगुळीत इन्सुलेटिंग बुश, म्हणजे कडेवर बसणारी वीजरोधक कडी, बसवण्याचा अमेरिकी संहितेचा नियम आहे.

जमिनीखाली हत्यार बदलते, ते फावडे होते. अमेरिकी संहितेनुसार सर्वसाधारण परिस्थितीत थेट पुरलेल्या केबलवर किमान ६०० मिलिमीटर माती हवी, पीव्हीसी पाइपावर ४५० आणि जड पोलादी पाइपावर १५० पुरते. हे अंतर पाइपाच्या वरच्या पृष्ठभागापासून मोजायचे असते, चराच्या तळापासून नव्हे. थेट पुरलेली केबल जमिनीतून वर येते तिथे तिला जमिनीपासून किमान २.५ मीटर उंचीपर्यंत पाइपाचे संरक्षण द्यावे लागते.

या वर येणाऱ्या पाइपालाच भरावाची माती खचली की खाली ओढ बसते आणि भिंतीवरचा बॉक्स उखडतो. म्हणून तिथे सरकता सांधा, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा जोड, घालतात. उघड्यावरच्या लांब पीव्हीसी पाइपालाही तोच सांधा लागतो, कारण तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडला की १० मीटर पाइपाची लांबी सुमारे १८ मिलिमीटरने बदलते, आणि हा बदल ६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अपेक्षित असेल तर अमेरिकी संहिता असा सांधा सक्तीचा करते. तो बसवताना त्या दिवसाचे तापमान पाहावे: कडक उन्हात बसवायचा असेल तर आतली नळी जवळजवळ पूर्ण आत ढकलून ठेवावी, कारण थंडीत पाइप आखडला की ती बाहेर सरकणार असते.